शेवटची गाडी आणि पोहे

ईशा, शिकागोच्या त्या बंद स्टेशनचा तू पाठवलेला जुना फोटो आला, तेव्हा इथे दोह्यात तुझ्या काकाचे पाहुणे "यल्ला, चला, निघतो" म्हणत तासभर बसले होते आणि मी पुन्हा चहा टाकत होते. फोटो बघता बघता दूध उतू गेलं. करपल्या दुधाचा तोच जुना वास आला.

ते स्टेशन उंच खांबांवर होतं, आमच्या दुसऱ्या मजल्याच्या स्वयंपाकघरासमोर. त्या परक्या शहरात माझी एकच मैत्रीण होती, रोज फलाटावर भेटणारी रोझा. तिचा पत्ता मी कधी विचारला नाही. स्टेशन होतंच ना! ते बंद होणार त्या दिवशी शेवटच्या गाडीने दोघींनी मिळून जायचं ठरलं होतं.

मी चपला घालत होते, तेवढ्यात तुझ्या आजोबांचे मित्र सपत्नीक दारात. न कळवता!

"वहिनी, निघालात वाटतं? आम्ही काही घेणार नाही हं."

"असं कसं? पोहे तरी होऊ देत," आजोबा म्हणाले. करणार मी!

मी कांदा परतत असताना गाडी आली, थांबली, गेली. तिकडे पाहताना चहाचं दूध उतू गेलं. पाहुण्यांनी पोहे दोनदा घेतले. रोझा पुन्हा भेटली नाही.

मी आजारी पडले असेन, असं तिला वाटलं असेल, अशी मी इतकी वर्षं स्वतःची समजूत घातली. फलाटावर उभी असताना मी कधी मागे वळून घराकडे पाहिलंच नव्हतं. तुझा फोटो फलाटावरून काढलेला आहे, आणि त्यात आमची स्वयंपाकघराची खिडकी स्वच्छ दिसते. म्हणजे रोझाने मला पाहिलं असणार. हातात झारा घेऊन, घरीच.