फळ्याचं दार

आम्ही तिघं भेटलो की नोकऱ्यांचं बोलणं जेमतेम चहा येईपर्यंत टिकतं. मग बाळ्या म्हणतो, "तळावर चक्कर मारायची का बे?" आणि जागचं न उठता आम्ही तेलगावजवळच्या त्या ऊसतोड कामगारांच्या तळावर पोचतो. माजलगावला कॉलेजात असताना मी, बाळ्या आणि सुरेखानं तिथल्या पोरांसाठी शाळा काढली होती. शाळा दोनच हंगाम चालली, किस्से मात्र जन्मभर पुरतील!

*

पहिल्या दिवशी खडू, पाट्या आणि नवाकोरा फळा घेऊन आम्ही बरोबर दहाला हजर. तळावर एक म्हातारबाबा आणि त्यांची कुत्री! पोरं आईबापाबरोबर पहाटेच उसाच्या फडात गेलेली.

"दहाला साळा?" बाबा म्हणाले. "मंग कुत्र्यायला शिकवा!"

शाळा संध्याकाळची झाली.

*

टोळीच्या मुकादमाला आमचा भारी संशय. "कोणत्या पक्षाचे तुमी?"

"कोणत्याच नाही."

तो बिचारा खरंच काळजीत पडला. "मंग ब्यानरवर फोटो कुणाचा लावायचा?"

*

दुसऱ्या दिवशी फळा गायब! शोधत फिरलो, तर तळावरच्या हौसाबाईंच्या कोपीला, म्हणजे पाचटाच्या झोपडीला, त्याचं दार झालेलं.

"रातभर नुसताच हुबा असतो," त्या म्हणाल्या. "तवर थंडी तर आडवंल!"

भांडायला गेलेली सुरेखा चहा पिऊन परत आली. तेव्हापासून आमची शाळा भरायची ती हौसाबाईंचं दार काढून. त्या बाहेर चुलीपाशी बसून रोज ओरडायच्या, "लई येळ लावू नका, घर थंड पडतंय!" शाळा सुटली की दार परत कोपीला.

*

एकदा बाळ्याला जोर चढला. उसाची मोळी डोक्यावर घेऊन तो ट्रकला लावलेल्या फळीवर चढायला लागला. अर्ध्यात मोळी एकीकडे, बाळ्या दुसरीकडे!

हौसाबाई म्हणाल्या, "मास्तर, तुमी आपली बाराखडीच उचला!"

*

हौसाबाईंची मंगल वर्गात सगळ्यात हुशार. पण हंगामाला आली की तिची गावाकडची शाळा बुडायची. सुरेखानं परळीला वसतिगृह शोधलं, रोज हौसाबाईंच्या मागे लागली.

"मोळ्या कोण व्हाईल?" त्या म्हणायच्या. "अन् पोरगी लांब ठिवून मला झोप येईल का?"

कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला, तळ उठला. मंगल ट्रॅक्टरवर बसून गेली, फळाही गेला. सुरेखा माजलगावपर्यंत रडत होती. आमचेही डोळे भरले, पण आम्ही ते धुळीवर ढकललं.

*

पुढच्या हंगामाला ट्रॅक्टर आला. हौसाबाई उतरल्या, आमचा फळा उतरला. मंगल उतरली नाही.

एवढी मोठी पोरगी आली नाही म्हणजे लग्न उरकलं असणार. विचारायची कुणाची छाती होईना. शेवटी बाळ्याच पुढे झाला. "मावशी, मंगल?"

"परळीला हाय. वसतिगृहात." एवढंच बोलून त्या कोपी उभारायला लागल्या.

संध्याकाळी त्यांनी स्वतःच दार काढलं, लिंबाला टेकवलं आणि पोरांच्या रांगेत मंगलच्या जागेवर मांडी घालून बसल्या.

"बगता काय मास्तर? शिकवा लौकर, घर थंड पडतंय!"