बाईंचा भागाकार

आमच्या बाई कशावर म्हणून विश्वास ठेवत नसत. दौलतगंजात भाजी घेताना तराजूचं रिकामं पारडं बोटाने दाबून ते सरळ परत येतं का बघत; भाजीवाला कपाळाला हात लावी. एका कॉलेजात त्या कंत्राटावर गणित शिकवत आणि खासगी बाजार मोहल्ल्यातल्या आपल्या घरी आम्हा चारपाच जणांना पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा. त्यांच्या पाठीमागे आम्ही त्यांना ‘धक्कावाली बाई’ म्हणत असू.

धक्का म्हणजे असा. पीएचडीसाठी बाई आपोआप डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, काढणारा प्रोग्राम लिहीत होत्या. त्यात बेरीज, गुणाकार, प्रत्येक क्रियेचं वेगळं फंक्शन ऑब्जेक्ट, म्हणजे प्रोग्रामचा एक सुटा तुकडा. त्याला दोन कामं: पुढे जाताना उत्तर काढायचं आणि उलट येताना ते उत्तर कशामुळे किती बदलतं ते सांगायचं. “जायला काय, कुणीही जातं रे,” बाई म्हणत, “परत यायचा रस्ता सही आहे का, ते बघ.” मग आकड्याला किंचित धक्का द्यायचा आणि उत्तर किती हललं ते आपल्या सूत्राशी ताडून बघायचं. प्रत्येक ऑब्जेक्टला, न चुकता. आम्हाला भारी कंटाळा यायचा.

भागाकाराचं ऑब्जेक्ट लिहायचं काम माझ्याकडे होतं. उलट येताना छेदाच्या डेरिव्हेटिव्हला उणे चिन्ह लागतं, ते मी विसरलो.

“धक्का देऊन बघितलंस ना?”

“हो बाई, एकदम पक्का!”

कसला पक्का! मला मेळ्यात जायचं होतं. बाईंनी तेवढ्या एका वेळी माझ्या शब्दावर भरवसा ठेवला, कारण तोवर त्यांना कॅन्सर निघाला होता आणि अंगात त्राण उरलं नव्हतं. “मरायचंच तर डॉक्टर होऊन मरेन,” असं त्या हसत म्हणत आणि केमोहून आल्या की पुन्हा प्रबंधाला बसत. सगळा प्रोग्राम त्यांनी शेवटी आपल्या हाताने नव्याने उतरवून काढला, माझ्या भागाकारासकट.

प्रबंध द्यायच्या आठवड्यात चूक सापडली. सारे निकाल, सारे आलेख बाद. “माझंच डोकं ठिकाणावर नाही बघ,” बाई मला म्हणाल्या, “उतरवताना उणे गाळलं मी.” मी समोरच बसलो होतो. बाद झालेले आलेख गोळा करून द्यायला लागलो.

त्या पहिल्यापासून पुन्हा लागल्या. दोन प्रकरणं राहिली असताना गेल्या.

तेराव्याला बाईंचे यजमान स्वतः वाढत होते. माझ्या पानाशी थांबले. “शेवटी एकच धोशा होता रे तिचा, माझ्या चुकीने गेलं सगळं. तू तर सोबत होतास. एवढी कच्ची होती का ती?”

“औषधांनी होतं असं, काका,” मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि आग्रहाने आणखी एक पुरी वाढली. मी नालायकाने तीही खाल्ली.