दोन कागदांवरची माझी सही

ठाण्याला, खोपटच्या एसटी डेपोजवळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी एकोणीस वर्षं नोकरी केली. रक्त घ्यायचं, नळीवर बारकोड चिकटवायचा, मशीन लावायचं, रिपोर्ट तपासायचे. माझ्या शेजारच्या टेबलावर कळव्याची एक मैत्रीण होती, माझ्याहून चार वर्षांनी लहान. तिच्या सासरचे लोक पूर्वी मिठागरावर काम करायचे. लग्न होऊन आल्यावर सासऱ्यांनीच तिला लॅबच्या कोर्सला घातलं होतं. आम्ही बाकीच्या बायका पांढरा कोट आठवड्यातून एकदा धुवायचो; ती रोज घरी न्यायची आणि इस्त्री करून आणायची.

मग नवा मॅनेजर आला. पस्तिशीचा, नीटनेटका. आवाज कधी चढवायचा नाही. सकाळच्या मीटिंगला एकेकाला उभं करून शांतपणे विचारायचा, "तुम्हाला हे जमत नाहीये, की करायचं नाहीये?" उत्तर काहीही दिलं तरी पुन्हा तोच प्रश्न.

आधी त्याने तिला धरलं. तिच्या बोलण्यावरून. ती रागावली की गावची बोली तोंडात यायची. तो तिची नक्कल करायचा आणि आम्ही हसायचो. मीही हसायचे. मग तिची खुर्ची काढली. उभ्याने काम केलं की वेग वाढतो म्हणे. मग एक दिवस तिच्या टेबलावर दोन पेशंटच्या नळ्यांची अदलाबदल झाली. रिपोर्ट बाहेर जायच्या आत चूक सापडली, कुणाला काही झालं नाही. पण मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं.

"त्या वेळी त्या फोनवर बोलत होत्या. तुम्ही शेजारीच होतात. दोन ओळी लिहून द्या."

ती फोनवर बोलत नव्हती. स्टिकर लावत असताना यानेच तिला मधेच हाक मारून दुसऱ्या कामाला पाठवलं होतं. मी बघितलं होतं. तरी मी लिहिलं, आणि खाली सही केली. मुलगा बारावीला आहे, आता कटकट नको, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मी घाबरले होते, आणि आपला नंबर लागला नाही म्हणून सुटल्यासारखंही वाटलं होतं.

तिने राजीनामा दिला. जाताना माझ्याशी बोलली नाही. कोट घडी करून टेबलावर ठेवला आणि गेली.

सातेक महिने बरे गेले. मग तो माझ्याकडे वळला.

त्या वर्षी माझी पाळी जायच्या वाटेवर होती. अंगावरून फार जायचं. त्याने नियम काढला की टेबल सोडताना ग्रुपवर मेसेज टाकायचा. ग्रुपवर तीस माणसं, त्यांत घरोघरी जाऊन सॅम्पल आणणारी तरणी पोरंही. मी 'वॉशरूम' असं लिहून जायचे. एकदा त्याने खाली लिहिलं, 'आज सहाव्यांदा. मॅडम, कामही करणार आहात का?' दोघांनी हसरे चेहरे टाकले. त्यानंतर मी पाणी पिणं सोडलं. गडद पँट घालायला लागले. एकदा तीन तास जागची हलले नाही, आणि उठले तेव्हा स्टुलावर डाग होता. मी तो माझ्याच कोटाने पुसला.

सकाळी डबा भरताना उलटी व्हायची. नवरा वाईट माणूस नाही. तो म्हणायचा, "अगं, सगळ्या ऑफिसांत असंच असतं. लक्ष देऊ नकोस."

लॅबचे मालक डॉक्टर होते. त्यांच्याकडे गेले. त्यांनी समोरच्या फाइलवरची नजर न काढता ऐकून घेतलं. म्हणाले, "तो आल्यापासून रिपोर्ट वेळेवर जातात. तुम्ही जरा मनाला लावून घेता."

शेवट एका म्हाताऱ्या गृहस्थांमुळे झाला. ते रक्त द्यायला आले होते. मॅनेजर माझ्या मागे उभा राहून घड्याळ बघत होता. एकोणीस वर्षांत मी तान्ह्या बाळांच्या शिरा शोधल्या होत्या. त्या दिवशी तीनदा सुई टोचली तरी शीर सापडली नाही. त्यांचा दंड निळा झाला. ते ओरडले नाहीत. हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही आजारी दिसता. घरी कुणी आहे का?"

मी सुई ठेवली. दुसऱ्या मुलीला बोलावलं आणि आत जाऊन स्वतःचं प्रेशर मोजलं. आकडा बघून यंत्र बिघडलंय असं वाटलं. पुन्हा मोजलं. तोच.

त्याच दुपारी राजीनामा लिहिला. 'इथे माझा रोज अपमान होतो. त्याने माझी तब्येत बिघडली आहे. म्हणून मी नोकरी सोडत आहे.' मॅनेजरने तो वाचून माझ्यापुढे सरकवला.

"असं लिहिलंत तर अनुभवाचं पत्र मिळणार नाही. या वयात दुसरीकडे कोण घेईल तुम्हाला? वैयक्तिक कारण लिहा."

मी दुसरा कागद घेतला. 'वैयक्तिक कारणास्तव' लिहिलं आणि सही केली. तो हसून म्हणाला, "शुभेच्छा."

पंधरा दिवस मी घरात नुसती पडून होते. मग एक दिवस उठून कळव्याला तिच्या घरी गेले. माफी मागायला गेले असं म्हणायला मला आवडेल. पण खरं तर मला रडायचं होतं, आणि माझं बोलणं कळेल अशी तीच एक होती.

तिने दार उघडलं. आत घेतलं, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. तिने रिकामा पेला उचलून आत ठेवला. मग म्हणाली, "मलापण वैयक्तिकच लिहायला लावलेलं. तू दोन कागद लिहिलेस तिथे. दोन्ही खोटे."

ती माझ्यासमोर बसली.

"मी तीन लॅबमध्ये गेलेले. सगळे तिथे फोन करतात. तो सांगतो, हिने रिपोर्ट बदलले. आणि ते कानावर आल्यापासून घरात सासऱ्यांना वाटतं की माझ्या हातून कुणीतरी मेलं. मी किती सांगू? आता तू लिही. काय बघितलंस ते लिही."

तिने वहीचा कागद फाडून दिला. मी लिहिलं. मॅनेजरने तिला हातातलं काम सोडून दुसरीकडे पाठवलं होतं, ती फोनवर नव्हती, मी खोटं लिहून दिलं. पुरतं पानभरही नव्हतं ते. सही करून तिच्याकडे दिलं, पण तिने घेतलं नाही.

"आत चल. वाचून दाखव."

सासरे आतल्या खोलीत खाटेवर बसले होते. ऐंशीच्या पुढचे, पायांची कातडी मिठाने भेगाळलेली, ती तशीच राहिलेली. मी त्यांच्यासमोर उभी राहून तो कागद मोठ्याने वाचला. ती दारात उभी होती.

वाचून झाल्यावर त्यांनी सुनेकडे बघितलं. मग माझ्याकडे वळले.

"हिच्या हातून कोन मेला नाय?"

"नाही, बाबा. कुणालाच काही झालं नाही."

"मंग तवा तू गप का रायलीस?"

मी भीती वाटली असं म्हणणार होते. मुलाची बारावी सांगणार होते. त्यांच्या समोर दोन्ही गोष्टी तोंडातून निघाल्या नाहीत. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. कागद हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि उशाखाली ठेवला.

तिने मला दारापर्यंत सोडलं. "प्रेशरची गोळी चुकवू नकोस," म्हणाली. पुन्हा ये, असं म्हणाली नाही.

या गोष्टीला दीड वर्ष झालं. मी आता डोंबिवलीत, घराजवळच्याच एका लहान दवाखान्यात सकाळचे चार तास रक्त घेते. शीर पहिल्याच सुईत सापडते. ती कुठल्या लॅबमध्ये लागली का, मला माहीत नाही. दोनदा मेसेज केला होता. तिने वाचला, उत्तर दिलं नाही.