कव्हराची पाठवणी

गव्हाणकडच्या लग्नांत लाउडस्पीकर लावणारे एक काका पनवेलला आमच्या शेजारी राहत. बोलण्याआधी समोर जे असेल त्यावर बोटाने टकटक करायची त्यांची सवय, माईक चालू आहे ना ते पाहिल्यासारखी. कॅसेटी आल्या आणि त्यांच्या रेकॉर्डी माळ्यावर गेल्या. एक तर कधीच फुटली होती, पण तिचं कव्हर त्यांनी प्लास्टिकमध्ये कोरं करकरीत जपलेलं. तसं कव्हर आता कुठे मिळत नाही, म्हणून माझ्या ऑफिसातला एक शौकीन ते विकत घ्यायला आला. काकांनाही नवा डेक घ्यायचा होता.

काकांनी कव्हर प्लास्टिकमधून काढून पाटावर ठेवलं आणि आम्ही काही म्हणायच्या आत त्यावर ओलं हळदकुंकू लावलं.

शौकीन कळवळला. "अहो, डाग पाडलात. आता काय उपयोग याचा?"

काका गोंधळले. "घरातली लेकच चालली नं. कोऱ्या कपालानं कशी धाडू?"

तो रिकाम्या हाताने गेला. काकांनी कव्हर मांडीवर घेतलं, त्यावर हलकेच टकटक केली आणि त्यालाच म्हणाले, "ऱ्हा मंग म्हायेरीच."