मधे कोण ऐकतंय?

टेलिफोन एक्स्चेंजमधल्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते कानात येऊन पडतात आणि तिथंच राहतात. मित्र जमले की म्हणतात, "सांग रे एखादा!" मी सांगतो, ते हसतात. मला मात्र हल्ली पूर्वीइतकं हसू येत नाही.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. राहुरी तालुक्यातल्या आमच्या छोट्या एक्स्चेंजमधे बोर्डावर मी आणि सुमनताई. लोकांनी नंबर मागायचा, आम्ही जोडून द्यायचा. त्यामुळे गावाची एक पक्की समजूत होती, हे दोघं सगळं ऐकतात!

*

कांद्याचे एक व्यापारी होते, शेठ. फोन उचलला की आधी ओरडायचे, "ऑपरेटर, कान काढा!"

तेवढ्यानंही भागेना, म्हणून त्यांनी नगरच्या भाच्याशी ठरवलं, फोनवर कांद्याला 'मावशी' म्हणायचं. एकदा नेमका भाच्याच्या बायकोनं फोन घेतला. शेठ म्हणाले, "मावशीला ट्रकात घातलीय. थोडी सडलीय, पण चालेल!"

संध्याकाळी नगरची माणसं रडत शेठच्या दारात हजर. शेठकडेच राहणारी भाच्याची खरी मावशी ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली!

"सडलेली म्हनतोस व्हय रे मला?" एवढंच ती म्हणाली. पुढं शेठशी कधी धड बोलली नाही.

*

आमचा लाइनमन शनिशिंगणापूरचा. जेवणाच्या डब्याला कुलूप लावायचा.

मी म्हटलं, "अरे, तुमच्या गावात घरांना दारंसुद्धा नाहीत!"

"ते गाव हाय सायेब. हे ऑफिस हाय!"

*

आमच्या सुपरवायझरसाहेबांचा आमच्यावर काडीचा भरवसा नव्हता. आम्ही जागेवर आहोत का, हे बघायला घरून उगीच फोन करायचे.

"कोण बोलतंय?"

"सुमन बोलतेय, सर."

"सुमनच कशावरून?"

एक दिवस ताई वैतागली. "आणि तुम्ही साहेबच कशावरून?"

साहेब बनियनवर तरातरा चालत एक्स्चेंजमधे आले. "हा बघा, मीच!"

आम्ही पोट धरून हसलो. ताई हसली नाही. तिनं बदली मागून घेतली. तिच्यासारखा गोड आवाज आमच्या बोर्डावर पुन्हा आला नाही.

*

एका मास्तरांची नेमणूक आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात, डोंगरात झालेली. बायको इथं माहेरी. कधीमधी ती आमच्याकडे येऊन त्यांना फोन लावायची. एकदा तिला बूथमधे तीन मिनिटांचा परगावचा ट्रंक कॉल जोडून दिला, तर ती म्हणते, "आवाज लई लांबून येतोय. खरंच अकोल्यातच हाय ना तुमी?"

तिकडून मास्तर म्हणाले, "तुझ्यासोबत कोण आलंय?"

"तुमच्या मागं कोन बाई हसली?"

"तू आधी माझं उत्तर दे!"

तीन मिनिटं संपली. ती बूथबाहेर आली, पदर सावरत उभी राहिली.

"भाऊ, पोरगं चालाया लागलं, ते सांगायचंच राह्यलं की वो."

*

शेजारच्या देवळालीचे तात्या ऊसवाले बागायतदार. त्यांचा एकुलता एक मुलगा विलास भांडून मुंबईला गेला होता. जाताना म्हणाला होता, "मेलात तरी येणार नाही!"

बऱ्याच वर्षांनी त्याचा ट्रंक कॉल आला. आम्ही माणूस पाठवून तात्यांना बोलावलं. तात्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"तात्या, मी विलास."

"कशावरून?"

तो गडबडला. मग भराभर सांगायला लागला. चंद्री गाय, विहिरीवरची चिंच, आईच्या मनगटावरचा भाजल्याचा डाग. सगळं बरोबर असावं, कारण तात्या प्रत्येक खुणेला मान हलवत होते. तोंडानं मात्र "आनि?" एवढंच म्हणायचे.

शेवटी विलास रडायलाच लागला. "तात्या, मी घरी येऊ का?"

मी मधे बोललो, "तीन मिनिटं झाली. वाढवू?"

"वाढवा, वाढवा!" तो ओरडला.

तात्यांनी रिसीव्हर खाली ठेवला आणि वहाणा घालायला लागले. मला राहवेना. "तात्या, विलासच होता हो! आवाज ओळखला नाहीत?"

"आवाज तर पयल्या हाकेलाच वळखला," तात्या म्हणाले, "आवाजाचं काय घेऊन बसलाय? 'मेलात तरी येनार न्हाई' म्हनला, तोबी ह्योच आवाज!"

आणि चालू लागले.

माझ्या कानात लाइन अजून चालूच होती.

"तात्या, ऐकताय ना? मग... येऊ ना मी?"