बाबांनी अपग्रेडला 'हो' म्हटलं

मित्रांनो, आज सकाळी बाबांवर उगाच ओरडलो.

त्यांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून पेपर वाचून दाखवणारा छोटा प्रोग्राम मी लॅपटॉपवर बनवला होता. काल त्यांनी सिस्टिम अपग्रेड केली, अन् प्रोग्राम बंद! कोडवरून पुन्हा तयार करायला, म्हणजे बिल्ड करायला गेलो तर एररच एरर.

"काहून दाबलं ते अपग्रेड?" मी ओरडलो.

"नोटीस आली होती ना रे. फॅक्टरीत नोटीस आली की आम्ही मानायचो." बाबा रांझीच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले.

दोन तास एरर वाचल्यावर कळलं, प्रोग्राम ज्या तयार कोडवर चालतो, त्या लायब्ररीच्या जुन्या व्हर्जनचा नंबर फाइलमध्ये मीच पक्का लिहून ठेवला होता, अन् नव्या सिस्टिमवर ते व्हर्जन चालत नव्हतं. तो बदलला, बिल्ड झालं, लॅपटॉप पेपर वाचायला लागला.

बाबा हळूच म्हणाले, "चलो, आता मी कशालाच हात नाही लावणार."

एरर तर गेली. हे वाक्य कसं दुरुस्त करू, सांगा?