मोहरमचा कडू घास

आमच्या भागात मोहरमच्या हार्दिक शुभेच्छांचे फ्लेक्स लागतात. मी कॉलेजात इतिहास शिकवते, त्यामुळं सुरुवातीला ते पाहून चिडायचे. पुढं चिडणं सोडलं, कारण आमच्या घरातच तो सण होता. पिंपळीच्या पलीकडं आमचं गाव. तिथं मोहरमात पिराचा पंजा, म्हणजे काठीवरचा धातूचा हात, बसतो, हलगी कडाडते, लेझीम रंगते. दहा तारखेला दुपारी तो पंजा उचलायचा मान आमच्या घराकडं, म्हणजे ऊस पिकवणाऱ्या हिंदू घराकडं. आबा, माझे वडील, पिराच्या नवसानं झालेले. कळायला लागल्यापासून त्यांनी हा मान कधी चुकवला नव्हता. ताप अंगात असताना गेले होते, आईशी भांडून गेले होते.

मी राहते जळोचीला. त्या वर्षी वरचा मजला लखनौकडच्या एका इंजिनिअरला भाड्यानं दिला होता. तो भवानीनगरच्या बाजूला कारखान्यात बॉयलरच्या कामावर सकाळीच जायचा. घरात त्याची विधवा आई एकटी. आम्ही तिला अम्मा म्हणायचो. मोहरमचा चंद्र दिसला तसं तिनं कानातलं उतरवलं आणि काळे कपडे घातले. ही माणसं शिया. तिकडं गल्लीतल्या बायका जमून रोज रडायच्या, इकडं तिला कुणी नव्हतं. शेजारच्या मुस्लिम बायका सुन्नी. त्यांनी चहा दिला, चौकशी केली, पण म्हणाल्या, आम्ही त्या दिवशी रोजा धरतो, असा मातम करत नाही. मुलाला त्या दिवशीही रजा नव्हती. अम्मा मला एवढंच म्हणाली, "दस तारीख को कोई साथ बैठ जाए, बस."

नेमके त्याच आठवड्यात आबा आले. हातात चोंग्यांचा, म्हणजे मोहरमातल्या गोड पोळ्यांचा डबा. जिना चढून थेट अम्मापुढं उभे राहिले आणि मोठ्या उत्साहानं म्हणाले, "अम्मा, आमच्या गावात मोहरम लई जोरात असतो बघा. दहा तारखेला या. लेझीम बघा, सरबत प्या." अम्मानं डबा घेतला नाही. "भाईसाहब, हमारे घर में मातम है," म्हणाली आणि आत गेली. आबा डबा धरून तसेच उभे. मला हसू येत होतं आणि त्यांची कीवही येत होती.

खाली येऊन त्यांनी मला धारेवर धरलं. मी वर्गात सांगते तसं सांगितलं. पैगंबर गेले, तेव्हा पुढं सगळं कुणी सांभाळायचं यावरून दोन मतं झाली. काहींचं म्हणणं, सगळ्यांनी मिळून जाणता माणूस निवडावा. काहींचं म्हणणं, हा हक्क घरातला, पैगंबरांच्या जावयाचा.

"म्हंजे चेअरमन कुणी व्हायचं?" आबा म्हणाले.

"साधारण तसंच." पहिल्या बाजूचे पुढं सुन्नी झाले, दुसरे शिया. पण नुसत्या वादानं माणसं एवढी दूर जात नाहीत. पुढं सत्तेवर आलेल्यानं पैगंबरांच्या नातवाकडं निष्ठेची शपथ मागितली. नातवानं ती दिली नाही. करबलाच्या माळावर त्याला गाठलं, बायकापोरांसकट पाणी तोडलं आणि मारलं. सुन्नीही त्याला मानतात, हळहळतात. पण शियांच्या घरात तो दरवर्षी नव्यानं मरतो. आणि त्या फाटाफुटीतून आजही कुठं कबरस्तानं वेगळी, कुठं सोयरीक मोडते, कुठं मशिदीत बॉम्ब फुटतो.

आबा पाण्यापाशीच अडकले होते. "सख्ख्या नातवाला? पाणी न्हाय दिलं?" आणि थोड्या वेळानं, "मग आमी नाचतो कशाला?"

आबांनी गावच्या मुजावरचाचांना विचारलं. चाचा पिराची सेवा करणारे, सुन्नी. त्यांचेच पुतणे त्यांना, हे धर्मात बसत नाही, पंजा बसवू नका, म्हणून टोचत असतात. चाचा म्हणाले, "आबा, रडणारी मान्सं येगळी. आपली रीत हाय ती चालू द्या." त्यांचंही काही चूक नव्हतं. निम्मं घर विरोधात असताना रीत टिकवणं सोपं नसतं.

दहा तारखेला सकाळी आबा पुन्हा आले. या वेळी फडक्यात भाकरी आणि पिठलं. आमच्याकडं मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून लोक जेवण नेतात. त्याला कडू घास म्हणतात. नेणाऱ्यानं घरच्यांना घास खायला लावायचा, त्याशिवाय उठायचं नाही. मी हे अम्माला समजावलं. ती त्या फडक्याकडं बघून रडायला लागली. मग म्हणाली, आज दुपार उतरतानाच्या नमाजानंतरच काही तोंडात घालता येतं.

दुपार उतरताना तर गावात पंजा उठतो. मी आबांना खुणेनं सांगितलं, तुम्ही निघा, मी आहे. त्यांनी मान हलवली आणि चटईवर मांडी घातली. अम्मा हलक्या आवाजात शोकगीत म्हणत होती. त्यांना त्यातला एक शब्द कळत नव्हता, तरी मान खाली घालून ऐकत होते. मला त्यांचा हेवा वाटला. हा धडा मी इतकी वर्षं शिकवत होते, माझ्या डोळ्यात कधी पाणी आलं नव्हतं.

चाचांचा फोन आला. मागं हलगी इतकी जोरात होती, की ते ओरडून बोलत होते आणि आम्हालाही ऐकू येत होतं. "आबा, कुठं हाय तुमी? पंजा खोळंबलाय."

"दुसऱ्या कुणाकडं द्या चाचा. मी मयताच्या घरी बसलोय. बाई जेवल्याबिगर उठता येत न्हाय."

"अरारा. कोण वारलं?"

"तुमच्या पैगंबराचा नातू."

मग चाचा म्हणाले, "बसा तुमी. मी उचलतो."